अँबॅसिडरचा कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड बदलावा का? (कोकण, घाट आणि ई-२० पेट्रोल)

भाट्ये_खाडी

मंडळी, सल्ला हवा आहे.

रत्नागिरीत आमच्याकडे १९७६ ची अँबॅसिडर मार्क ३ आहे. पेट्रोल, १४८९ सीसीचं मूळ इंजिन, त्यावर एकच सोलेक्स कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). आजोबांनी घेतली, बाबांनी वापरली, आता माझ्याकडे आहे. शोभेची नाही. भाट्याच्या पुलावरून पावसला, गणपतीत गावाला, आणि वर्षातून काही वेळा आंबा घाट चढून कोल्हापूरला जाते.

हातखंबा, पाली, साखरप्यापर्यंत छान जाते. घाट लागला की मध्येच गुदमरते. एक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम धक्का देऊन ओढते. स्लोला (पाय न दाबता नुसतं इंजिन चालू असताना) धडधडते. आणि मे महिन्यात पंपावर बंद केली की गरम इंजिन परत चालू व्हायला फार त्रास देतं, पंधरा-वीस मिनिटं झाकण उघडून उभं राहावं लागतं.

आमचे मेस्त्री म्हणतात, "मारुती ८०० चा कार्ब्युरेटर टाकू, खाली प्लेट बनवून देतो, अॅव्हरेजपण वाढेल." पुण्याचा मित्र म्हणतो, एमजी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून मिश्रण इंजिनात नेणारी नळी) आणि जोडीचे एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर लाव, गाडी ओळखू येणार नाही. तिसरा पर्याय वेबर ३२/३६ हा कार्ब्युरेटर. तिघांपैकी काय करावं? की यातलं काहीच करू नये? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया लिहावं.

स्पार्कप्लग

वाचतोय. एक फोटो टाका हो गाडीचा. मार्क ३ ची जाळी बघून बरीच वर्षं झाली.

तिरफळ

मेल्या, आजोबांची गाडी आसा ती. आदी तिका काय झालाहा ता बग, मगे नवीन कारबेटराच्या मागे लाग. घाटात माणूसपण गुदमारता, म्हणान कोण फुप्फुसां बदलता काय?

जुना_गिअर

तिरफळ यांनी एका ओळीत सांगितलं ते मी जरा लांबण लावून सांगतो. माझं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं आहे, आणि "कार्ब्युरेटर खराब" म्हणून आलेल्या गाड्यांत कार्ब्युरेटर खरोखर खराब असण्याचं प्रमाण फार कमी पाहिलं. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं हवेच्या गळतीतूनही येतात.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला, डावीकडे असतात. दोघांची गॅसकेट एक, स्टडसुद्धा काही ठिकाणी सामाईक. एकाच नटखालच्या जाड वॉशरचा अर्धा भाग इनटेकच्या कडेवर बसतो, अर्धा एक्झॉस्टच्या. एक्झॉस्ट तापून तापून वाकतो. मग वॉशर एका बाजूलाच टेकतो आणि दुसऱ्या बाजूची पकड सुटते. तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), स्लोला धडधड सुरू होते. लोक काय करतात? स्लोचा स्क्रू आणखी उघडतात. धडधड दबते, पण गळती तशीच राहते.

दुसरी जागा थ्रॉटलचा (एक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) शाफ्ट. पन्नास वर्षं तो अॅल्युमिनियमच्या भोकात फिरतो आहे. भोक अंडाकृती होतं. इंजिन बंद ठेवून शाफ्ट बोटांत धरा आणि वर-खाली हलवा. हाताला खेळ जाणवला, तर तिथून हवा शिरते आहे.

व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ मोजणारं मीटर) मिळवा. मॅनिफोल्डला लावा. तुम्ही समुद्रसपाटीला आहात, त्यामुळे आकड्यात उंचीसाठी काही वजाबाकी करायला नको. गरम इंजिन, स्लोला काटा १७ ते २१ इंचांत (पाऱ्याच्या) स्थिर हवा. कमी पण स्थिर असेल तर गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. ठराविक अंतराने टकटक खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. हळूहळू डुलत असेल तर मिश्रण. हेच गेज आंबा घाटाच्या माथ्यावर नेलंत तर दोनेक इंच कमी दाखवेल, तो दोष नव्हे. दर तीनशे मीटरला साधारण एक इंच जातो.

हे सगळं होईपर्यंत एक रुपयाही नव्या कार्ब्युरेटरवर घालू नका.

केळशीकर

काकांना अनुमोदन. आणि त्याआधी पॉईंटचं अंतर, कंडेन्सर, टायमिंग, टॅपेट. कार्ब्युरेटरला हात सर्वांत शेवटी.

अर्धविराम

मी मेस्त्रींच्या बाजूने. माझ्या प्रीमियर पद्मिनीला मारुतीचा कार्ब्युरेटर होता, मुंबईत बरीच वर्षं वापरली. स्लो मऊ, अॅव्हरेज चांगलं, सुटे भाग कुठेही. जुन्या सोलेक्सचं चांगलं किट मिळवायला किती हिंडावं लागतं ते ज्याचं त्याला माहीत.

सुरंगी

अर्धविराम, तुमचा अनुभव खरा आहे, पण पद्मिनी १०८९ सीसी आणि गाडी सपाट मुंबईत. इथे १४८९ सीसी आहे आणि घाट आहे. थोडं गणित मांडते, कारण ते मांडलं की प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा घेतं. म्हणजे अँबॅसिडर एका फेरीला साधारण पाऊण लिटर, आणि मारुती ८०० (७९६ सीसी) ०.४ लिटर. घाटात तुम्ही थ्रॉटल पूर्ण उघडून २५०० च्या आसपास चालवत असणार. तेव्हा अँबॅसिडरला मिनिटाला सुमारे १८६० लिटर हवा लागते. तेवढीच हवा मारुतीचं इंजिन ४७०० च्या आसपास घेतं. म्हणजे अँबॅसिडर नुकती कुठे दम धरते आहे तिथे तो कार्ब्युरेटर आपल्या क्षमतेच्या वरच्या टोकाकडे पोचलेला असतो. त्याच्या पुढे तो गळा आवळतो. सपाटीवर अर्ध्या थ्रॉटलने चालणाऱ्याला हे कधीच जाणवणार नाही. अॅव्हरेज वाढल्यासारखं वाटतं ते यामुळेच, गाडीला जास्त पिताच येत नाही.

जेटही (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) त्या तीन सिलिंडरांच्या छोट्या इंजिनासाठी निवडलेले. ते बदलता येतील, पण घशाचा व्यास बदलता येत नाही.

शिवाय त्याला व्हॅक्यूमचे बरेच फाटे असतात. अँबॅसिडरवर त्यातले बहुतेक निरुपयोगी, ते सगळे घट्ट बंद करावे लागतात. एक जरी रबराच्या टोपीने बंद केला आणि ती टोपी उन्हापावसात तडकली, की आपण परत काकांच्या गळतीपाशी.

अर्धविराम

४७०० चा हिशोब मी करून पाहिला, बरोबर येतो. घाटासाठी माझं मत मागे. सपाटीसाठी कायम!

दुहेरी

आता मित्राच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं, तो मी. माझ्या जुन्या अँबॅसिडरला एमजीबीचा मॅनिफोल्ड आणि दोन एसयू एचएस४ आहेत, मी स्वतः बसवलेत.

हे जुळतं का, तर जुळतं, कारण मूळ एकच. अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३, आणि हे इंजिन बीएमसीच्या बी मालिकेतलं. १९५५ ची एमजीए याच १४८९ सीसीवर निघाली, जोडीचे एसयू लावून. सुरुवातीला ६८ आणि पुढे ७२ अश्वशक्ती. १९६२ ची एमजीबी १७९८ सीसी, पण तीही याच घराण्यातली. हेडवरची भोकं आणि स्टड त्याच मांडणीचे.

पण ६८ चा आकडा वाचून हुरळू नका. एमजीएचं कॉम्प्रेशन जास्त, कॅम आणि व्हॉल्व्ह वेगळे. नुसते कार्ब्युरेटर लावून ती ताकद येत नाही. जे येतं ते वेगळं आहे: एक्सिलरेटरला ताबडतोब मिळणारं उत्तर, आणि मधल्या वेगात मोकळा श्वास.

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. या हेडला इनटेकची तोंडं चार नाहीत, दोनच आहेत. १ आणि २ सिलिंडर एका तोंडातून पितात, ३ आणि ४ दुसऱ्या. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे ३ ने ओढलं की लगेच ४ त्याच तोंडातून ओढतो, मग २ आणि लगेच १. एकाच नळावर दोन घरं आणि दोघांची पाण्याची वेळ पाठोपाठ, त्यानंतर नळ बराच वेळ मोकळा. त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांना अगदी सारखं मिश्रण कधीच मिळत नाही. १ आणि ४ चे प्लग २ आणि ३ पेक्षा थोडे वेगळ्या रंगाचे दिसले तर घाबरू नका, हेडची ती जातच आहे.

जोडी लावली की प्रत्येक कार्ब्युरेटरला दोनदा झटपट ओढ आणि मग विश्रांती, असा झटक्यांचा मारा बसतो. म्हणून दोघांमधली जोडनळी बंद करायची नसते, आणि एसयूच्या वरच्या नळीतलं डॅम्परचं तेल कधी सुकू द्यायचं नसतं. २० नंबरचं पातळ तेल पुरतं. ते संपलं की एक्सिलरेटर दाबताच पिस्टन फटकन वर उडतो, मिश्रण पातळ होतं आणि गाडी अडखळते. तुम्ही वर्णन केलंय तस्सं.

एसयूचं मला सर्वांत आवडतं ते हे की त्याची तपासणी रस्त्याच्या कडेला होते. इंजिन गरम, स्लोला. पिस्टन हलकेच पाऊण मिलिमीटर उचलायचा. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड. इंजिन बंद पडायला लागलं तर पातळ. क्षणभर वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. जाड-पातळ करायला खालचा षटकोनी नट एकेक पैलू फिरवायचा. दोघांची हवा सारखी आहे का ते बघायला रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी. फुस्सचा सूर दोन्हीकडे सारखा ऐकू आला पाहिजे.

जुना_गिअर

दुहेरी, सुरेख लिहिलंत. एक भर. एमजीचा मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचा, तुमचा एक्झॉस्ट बिडाचा. दोघांच्या कडांची जाडी एकसारखी आहे का हे व्हर्नियरने मोजल्याशिवाय नट आवळू नये. फरक असेल तर वॉशर तिरका बसतो. जाड कड घासून घ्या किंवा पायरी काढलेले वॉशर लेथवर करून घ्या. गॅसकेट दोन लावून हा फरक भरून काढायला जाऊ नका.

दुसरं, सलूनच्या एकेरी मॅनिफोल्डला मधोमध एक्झॉस्टची ऊब मिळते, पेट्रोलची नीट वाफ व्हावी म्हणून. एमजीच्या मॅनिफोल्डला ती सोय नाही. जुना एक्झॉस्ट ठेवून नवा इनटेक लावताना त्या जागी तोंड उघडं राहत असेल तर प्लेट बसवावी लागेल.

मूळरूप

सगळ्यांचं तांत्रिक ज्ञान मान्य, पण मला वाईट वाटतंय. १९७६ ची गाडी पन्नाशीला आली आहे. अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, आता आहेत त्याच. तीन पिढ्या एका घरात, मूळ इंजिन, मूळ कार्ब्युरेटर, अशा किती उरल्या असतील?

भावनेपलीकडचा मुद्दाही आहे. २०२१ च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात राखलेली, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, नोंदणीचे २०,००० रुपये, नूतनीकरणाचे ५,०००. उद्या तुम्हाला तिकडे जायचं असेल तर आज एमजीचा मॅनिफोल्ड लावून कुणाच्या तरी मनात शंका का निर्माण करायची?

दुहेरी

मूळरूप, मॅनिफोल्ड चार-सहा नटांनी निघतो आणि तितक्याच नटांनी परत बसतो. मी माझा जुना संच तेल लावून, गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. हेडला एकही नवीन भोक पाडलेलं नाही. हा मोठा फेरफार कसा?

मूळरूप

तुम्ही ठेवलात. बहुतेक जण भंगारात देतात. माझं भांडण तुमच्याशी नाही, त्या भंगाराशी आहे.

सुरंगी

विंटेज नोंदणीबद्दल एक लक्षात घ्या: ती गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. भाट्ये_खाडी पावसला आणि कोल्हापूरला नेतात, त्यांना ते परवडायचं नाही. त्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवावी.

भाट्ये_खाडी

बरोबर. गाडी चालली पाहिजे, ही बाबांची एकच अट आहे. काचेच्या खोलीत ठेवायची नाही.

हर्णै_बंदर

गाडीतलं मला कमी कळतं, आमचा धंदा होडीचा. पण कार्ब्युरेटर आणि खारा वारा हे आमचं रोजचं आहे म्हणून लिहितो.

बंदरापासून जवळ गाडी उभी असेल तर कार्ब्युरेटरवर पांढरी पूड धरते. बाहेरून दिसते ती पुसता येते, आतली दिसत नाही. फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं तिथे) तळाला बसते आणि तिथून जेटमध्ये जाते. नवीन ई-२० पेट्रोल (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) आल्यापासून हे जास्त झालंय, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि आमच्याकडे पावसाळ्यात हवेत पाणीच पाणी. मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर आम्ही वाटी रिकामी करून ठेवतो. तुम्हीही जून ते ऑगस्ट गाडी कमी काढत असाल तर हेच करा, आणि टाकी अर्धी ठेवू नका, पूर्ण भरा. रिकाम्या जागेतल्या हवेतूनच ओल येते.

सुरंगी

हर्णै_बंदर यांनी जे सांगितलं त्यालाच जोडून ई-२० बद्दल, कारण माझ्या मते या धाग्याचा अर्धा उलगडा तिथे आहे.

शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते (वजनाने), इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की तो आकडा सुमारे १३.५ होतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि जास्त इंधन सोडतो. सोलेक्सला सेन्सर नाही. त्याचा जेट शुद्ध पेट्रोलसाठी भोक पाडलेला, त्यामुळे गाडी आपोआप आठेक टक्के पातळ मिश्रणावर चालते. आधीच गळती असेल तर हे आणखी वाढतं. घाटात पूर्ण थ्रॉटलला नेमकं जाड मिश्रण हवं असतं, तिथेच ती अडकते.

उपाय स्वस्त आहे. सोलेक्सच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे ढोबळमानाने भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. आठ टक्के जास्त प्रवाह हवा तर व्यास चार टक्के वाढवायचा. तुमच्या जेटवर १२० असेल तर १२५ चा लावून बघा. मात्र जुना जेट ड्रिलने मोठा करू नका. कडा खरबरीत होतात, प्रवाह बिघडतो आणि मूळ जेट हातचा जातो. एसयू लावणार असाल तर हेच काम सुईच्या निवडीने होतं.

पाईप मात्र सगळे बदला. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ होतं, आतून साल सुटते. दुकानात फ्लोरोइलास्टोमर किंवा व्हायटन म्हणून मागा. गाडीच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि बुचाच्या गॅसकेटी सुद्धा.

स्पार्कप्लग

सुरंगीताई, तुम्ही कुडाळात क्लास काढा, पहिली फी माझी.

चिपळूणकर_जुना

थोडं अवांतर. २०२१ च्या जुलैतल्या पुरात आमची पद्मिनी छतापर्यंत पाण्यात होती. सगळे म्हणाले भंगारात द्या. इंजिन न फिरवता आधी प्लग काढले, पाणी बाहेर, तेल तीन वेळा बदललं. कार्ब्युरेटर पूर्ण उलगडला तर आत बारीक गाळ, फ्लोटच्या वाटीपासून जेटच्या पोटापर्यंत. केरोसीनमध्ये बुडवून, तांब्याच्या मऊ तारेने, मग हवेने साफ केला. तोच कार्ब्युरेटर आज चालू आहे. सांगायचं एवढंच की हे जुने कार्ब्युरेटर पूर्ण उलगडतात, पूर्ण साफ होतात. तो गुण नवीन काही लावण्याआधी लक्षात घ्या.

केळशीकर

पुरातली पद्मिनी वाचली! यावर वेगळा धागा काढा, इथे दडवू नका.

चिपळूणकर_जुना

काढतो. फोटो शोधतोय.

घाटावरचा

आधी कुणी लिहिलं नाही म्हणून मी ठासून लिहितो. कार्ब्युरेटर बदलला की एक्सिलरेटरची रॉड किंवा वायर, तिचा कोन आणि परतीची स्प्रिंग, सगळं बदलतं. थ्रॉटल उघडा अडकून राहिला आणि तुम्ही आंबा घाट उतरत असाल तर काय होईल ते सांगायला नको. दोन स्वतंत्र स्प्रिंगा लावा, एक तुटली तरी दुसरीने थ्रॉटल मिटला पाहिजे. घरासमोर इंजिन बंद ठेवून पाय पूर्ण दाबून सोडा, पुन्हा पुन्हा. इंजिन आपल्या माउंटिंगवर हलतं तेव्हाही वायर ताणली जात नाही ना, हे कुणाला तरी क्लच दाबून-सोडून गाडी हिसकवायला लावून बघा. खाऱ्या हवेत चोकची वायरसुद्धा गंजते आणि अर्ध्यावर अडकते, मग लोक म्हणतात अॅव्हरेज पडलं.

आणि एअर क्लीनर. जोडीच्या कार्ब्युरेटरवर नुसत्या जाळ्या लावून फिरणारे पाहिलेत. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ आहे, ती सिलिंडर खाते. नीट फिल्टर बसत नसेल तर ती जोडणी सोडून द्या.

दुहेरी

घाटावरचा यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. माझ्याकडे दोन्ही तोंडांना कागदी फिल्टरचे डबे आहेत.

डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमचं राहिलं. ती बारीक नळी कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलजवळच्या छोट्या भोकाला लागते, स्लोला तिथे ओढ नसते. नवीन मॅनिफोल्डवर सोयीची जागा दिसते म्हणून थेट मॅनिफोल्डला जोडली तर स्लोलाच टायमिंग पुढे जातं आणि सगळं परत जुळवावं लागतं.

अनंतमूळ

वेबर ३२/३६ बद्दल कुणीच बोललं नाही. एका कार्ब्युरेटरमध्ये दोन घसे, आधी ३२ चा उघडतो, जास्त दाबलं की ३६ चा. जोडी जुळवायची कटकट नाही. त्याला मॅनिफोल्ड मात्र वेगळा लागतो. खऱ्या वेबरच्या नावाखाली नकला फार येतात, त्यांचे थ्रॉटलचे शाफ्ट नव्यातच ढिले. परदेशातून मागवायचा तर खर्च गाडीच्या रंगकामाइतका होतो.

भाट्ये_खाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा बरेच दिवस शांत होता, कारण मी जुना_गिअर काकांच्या यादीवर काम करत होतो. काय निघालं ते लिहितो.

गेज लावलं. काटा १४ वर, स्थिर. टायमिंग तपासलं, बरोबर होतं. साबणाचं पाणी मॅनिफोल्डच्या मधल्या जोडावर टाकलं की स्लोचा आवाज बदलायचा. थ्रॉटलच्या शाफ्टला हाताला लागेल इतका खेळ. दोन्ही ठिकाणी गळती.

मॅनिफोल्ड काढायला दोन दिवस गेले, गंजलेले नट गरम करून करून सोडवावे लागले. सरळ पट्टी लावून फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर मधोमध पाव मिलिमीटरची फट. दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र जोडून कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका पाळीत फेसिंग (कडा यंत्रावर सपाट) करून घेतले, म्हणजे कडा एका पातळीत राहिल्या. तिथेच थ्रॉटलच्या शाफ्टला ब्राँझचे बुश. आमचे मेस्त्री बरोबर आले होते. मारुतीच्या कार्ब्युरेटरचा आग्रह त्यांनी तिथेच सोडला. सुरंगीताईंचं गणित त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

कार्ब्युरेटरखाली जाड बेकेलाइटचा तुकडा घातला, पेट्रोलचा पाईप एक्झॉस्टपासून लांबून फिरवला. पाईप सगळे नवीन. मेन जेट १२० चाच होता, १२५ लावला.

गेज आता १९. परवा आंबा घाट चढलो. जिथे दुसऱ्या गिअरवर यायला लागायचं तिथे तिसऱ्यावर गेली, बाबा शेजारी बसले होते, ते काही बोलले नाहीत पण माथ्यावर उतरून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. गरम असताना चालू होण्याचा त्रास बराच कमी झालाय, संपलेला नाही. अजून पाचेक मिनिटं लागतात.

पीयूसीलाही पास झाली, जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी धुरातल्या सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ३ टक्के आहे, त्याच्या बरीच खाली.

मूळरूप

फार आनंद झाला. खरंच.

जुना_गिअर

उत्तम काम. उरलेल्या त्रासासाठी दोन गोष्टी. बेकेलाइटच्या तुकड्याबरोबर फ्लोटची पातळी परत बघा. आणि कार्ब्युरेटर व एक्झॉस्ट यांच्यामध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्याची आडोशाची प्लेट लावा, दोन्ही बाजूंनी हवा खेळती ठेवून. गाडी बंद केल्यावर इंजिनातली उष्णता वर येते आणि वाटीतलं पेट्रोल उकळतं, ते गळ्यात सांडतं. म्हणून चालू करताना एक्सिलरेटर पंप करू नका. हळूच पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा, जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाईल. फेसिंग केलेल्या मॅनिफोल्डचे नट शे-दोनशे किलोमीटरनंतर गार इंजिनावर परत एकदा आवळा, नवीन गॅसकेट बसते.

दुहेरी

आणि जोडीच्या एसयूचं काय ठरलं?

भाट्ये_खाडी

सोलेक्स राहणार. एसयूचा विचार सोडलेला नाही, पण गाडीवर नाही. एक जादा हेड मिळालंय, तडा आहे का ते तपासायला दिलंय. ते चांगलं निघालं तर तुमच्याकडे येऊन तो संच घराच्या पडवीत जुळवायचा आहे, नुसता शिकण्यासाठी.

दुहेरी

या. रविवारी या, डॅम्परचं तेल आणि कानाची नळी माझ्याकडे आहे.

पावसकर

गेल्या आठवड्यात पावसच्या रस्त्याला एक पांढरी अँबॅसिडर सरसर चढून गेली, ती तुमचीच का? माझ्याकडे १९८१ ची मार्क ४ आहे, तिलाही हाच रोग. कोल्हापूरला फेसिंगला देताना स्टड काढून दिले होते का हेडमध्येच ठेवले?

भाट्ये_खाडी

तीच असणार. स्टड हेडमध्येच होते, मॅनिफोल्ड फक्त नेले. दोन स्टडचे आटे गेले होते, ते इथेच बदलले. तुमचे आधी नीट बघा, आणि नट पितळेचे घ्या, पुढच्या वेळी सुटतात. आडोशाची प्लेट बसवली की फोटो टाकतो.